लग्नाच्या वाढदिवसासाठी जुन्या साडीची गोधडी: कापड निवडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

लग्नाच्या वाढदिवसाला जोडीदाराला हाताने केलेली भेट द्यायची, असे ठरले की पुण्यातल्या बहुतेकांचे पाय आधी तुळशीबागेकडे वळतात आणि मणी, लेस, गोंडे, टिकल्या यांनी पिशवी भरून येते. त्यातून तयार होणारी वस्तू दिसते छान, पण ती वापरायची कशी हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सहा महिन्यांत कपाटाच्या वर जाऊन बसते. रोज हाताशी राहील, धुतली तरी टिकेल आणि जिच्यात दोघांचेही काहीतरी असेल, अशी भेट हवी असेल तर तिचे साहित्य बाजारात नव्हे, घरातल्या ट्रंकेत असते. जुनी सुती साडी, विरत चाललेले धोतर किंवा चादर, दोनचार सदरे आणि जाड दोरा यांतून दोघांना पुरेल अशी गोधडी करता येते. तिला लागतो तो फक्त धावदोरा, म्हणजे सुई खालीवर करत घातलेला साधा सरळ टाका. हा टाका ज्याला बटण लावता येते त्याला तासाभरात जमतो. त्यामुळे नवऱ्याने बायकोसाठी गोधडी शिवायला काहीच हरकत नाही. पेठांमधले कितीतरी शिंपी पुरुषच आहेत, तेव्हा ‘हे काम आपले नाही’ ही सबब फारशी टिकत नाही.

पूर्ण पलंगभर गोधडी पहिल्याच प्रयत्नात हाती घेऊ नये. ती अर्धवट राहते आणि वाढदिवस निघून जातो. खाली दिलेली मापे संध्याकाळी सोफ्यावर दोघांच्या पायांवर घेता येईल अशा, ५६ इंच लांब आणि ४१ इंच रुंद गोधडीची आहेत.

वेळेचा हिशेब आधी करावा

गोधडीत वेळ कुठे जातो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. दोन रांगांमध्ये एक इंच अंतर ठेवले तर ५६ गुणिले ४१ इंचांच्या गोधडीला जवळपास २,३०० इंच, म्हणजे साधारण ५८ मीटर लांबीचा धावदोरा लागतो. नवशिक्या हाताची गती तासाला तीन मीटर धरली तरी वीसएक तास नुसत्या शिवणीला जातात. रोज तासभर बसणाऱ्याने धुणे, वाळवणे, जोडणे आणि न बसता आलेले दिवस धरून वाढदिवसाच्या दीड महिना आधी सुरुवात करावी. दोरा शिवणीच्या लांबीच्या दीडपट धरावा, म्हणजे १०० मीटरची सोय असली की मध्येच दुकान गाठावे लागत नाही.

आपल्याकडे चातुर्मासात सहसा लग्ने होत नाहीत, म्हणून लग्नाचे वाढदिवसही बरेचसे तुळशीच्या लग्नापासून उन्हाळा संपेपर्यंतच्या काळात येतात. डिसेंबरच्या वाढदिवसासाठी दिवाळीची साफसफाई ही आयती संधी असते, कारण त्याच वेळी ट्रंका उघडतात आणि ‘या साडीचे काय करायचे’ हा प्रश्न घरात निघतो. मे महिन्यातला वाढदिवस असेल तर मार्चअखेरीस बसावे आणि दुपारची वेळ टाळावी. घामेजल्या हातात सुई घसरते आणि फिक्या कापडावर डाग पडतात.

कापड: काय घ्यावे, काय सोडावे

सगळ्यात उत्तम कापड म्हणजे अनेकदा धुऊन मऊ झालेली सुती साडी. सहावारी साडी सहा वार, म्हणजे २१६ इंच लांब आणि साधारण ४५ इंच रुंद असते. तिचे ६० इंचांचे तीन तुकडे पडतात आणि पदराकडचा ३६ इंचांचा भाग सजावटीसाठी उरतो. हे तीन तुकडे वरच्या आणि मधल्या दोन थरांना पुरतात. सर्वांत खालच्या थराला जुने धोतर किंवा सुती चादर घ्यावी, कारण अंगाला तीच बाजू लागते आणि धोतराइतके मऊ कापड दुसरे नाही. असे चार थर झाले की ती झाली चौघडी. पुण्याच्या थंडीला ती पुरेशी होते. हौसेने सहासात थर घातले तर सुई आरपार जात नाही आणि बोटे दुखून काम बंद पडते.

साडी खरोखर सुती आहे की मिश्र धाग्याची, हे हाताला नेहमी कळतेच असे नाही. काठाजवळून एक धागा ओढून काढावा आणि बशीवर धरून काडीने पेटवावा. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसून वितळतो आणि त्याची टणक गुठळी होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. कृत्रिम धाग्याचे कापड सुती थरांमध्ये घालू नये. ते सुतासारखे आटत नाही, शिवताना सरकते, आणि दोनचार धुण्यांनंतर त्या जागी गोधडीला फुगे येतात.

रेशमी साड्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. पैठणी कापायचा विचारही करू नये. घडीवर विरलेले जुने रेशीम दिसायला सुंदर असले तरी टाक्याचा ताण सोसत नाही, आणि जुन्या साडीची जर सच्ची असेल तर तिला मोडीचीही किंमत येते, हे कात्री लावण्यापूर्वी तपासून घ्यावे. जरीचा काठ अंगाला बोचतो. लावायचाच असेल तर वरच्या बाजूला, कडेपासून थोडा आत लावावा.

आता सर्वांत नाजूक भाग. दुसऱ्याची साडी न विचारता कापू नये. भेट गुपचूप करण्याच्या नादात बायकोने जपून ठेवलेली, आजीने दिलेली साडी कात्रीखाली गेली तर वाढदिवसाला वेगळेच काही साजरे होईल. नेमकी कोणती वस्तू होणार ते सांगू नये, पण ‘या ढिगातल्या कोणत्या साड्या देऊन टाकायच्या’ असे विचारून घ्यावे. दिवंगत माणसाचे कापड घालण्याबद्दलही घराघरांत वेगवेगळ्या भावना असतात. एखाद्या सुनेला सासूबाईंच्या साडीची ऊब हवीशी वाटते, तर एखाद्या घरात ते चालत नाही. शंका असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलावे.

दोघांच्या आठवणीचे कापड वरच्या थरावर ठिगळ म्हणून येते, त्यामुळे ते हातभर असले तरी चालते: लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नेसलेल्या काळ्या चंद्रकळेचा तुकडा, नवऱ्याच्या कॉलर झिजलेल्या सदऱ्याची पाठ, बाळाच्या दुपट्याचा कोपरा. भेटवस्तूत काळा रंग नको, असे काही जण म्हणतील, पण संक्रांतीची चंद्रकळा काळीच असते, तेव्हा तिला हा नियम लावण्यात अर्थ नाही. खणाचा तुकडाही खुलून दिसतो. गुळेदगुड्डचा पारंपरिक खण लक्ष्मी रस्त्यावर सहज मिळतो, मात्र नव्या खणाला खळ असते आणि गडद रंग सुटण्याचा संभव असतो.

धुणे आणि रंगाची परीक्षा

प्रत्येक कापड, नवे असो की जुने, आधी धुतलेच पाहिजे. गडद कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल घट्ट घासावा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड वेगळे भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, असे सर्रास सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. धोतराच्या पांढऱ्या थरावर लाल ओघळ उमटले की ते जात नाहीत. चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड सोडून द्यावे. जुन्या नाजूक साड्यांना रिठ्याचे पाणी सौम्य पडते. सगळे कापड सावलीत पूर्ण वाळवून मग इस्त्री करावी. पावसाळ्यात दमट कापडाच्या घड्या घालून ठेवल्या तर त्यांना येणारा कुबट वास गोधडीतही राहतो.

मापे आणि वरचा थर

सुती कापड कापण्यापेक्षा फाडलेले चांगले. माप घेऊन कडेला बोटभर काप द्यावा आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडावे. धाग्याच्या रेषेत फाटत असल्यामुळे कड सरळ येते. विरलेले कापड मात्र वाटेल तिथे फाटते, म्हणून त्याचा एक आडवा धागा ओढून काढावा आणि पडलेल्या रेषेवरून कात्री चालवावी. खालचा थर ६० गुणिले ४५ इंच ठेवावा. वरचा आणि मधले दोन थर ५६ गुणिले ४१ इंच करावेत. चारही बाजूंना जे दोन इंच उरतात त्यांचीच पुढे किनार होते.

वरच्या थरावर लहान लहान चौकोनांची नक्षी करण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा. साडीचे अखंड कापड, मध्यभागी एक मोठा चौकोन आणि सभोवती पाचसहा ठिगळे एवढे पुरते. ठिगळाच्या कडा पाव इंच आत दुमडून इस्त्रीने दाबाव्यात, टाचण्या लावाव्यात आणि कडेकडेने बारीक टाके घालून बसवावे. ठिगळे चौकोनीच असावीत असे नाही. सदऱ्याचा खिसा उसवून खिसा म्हणूनच लावला तर त्यात पुढे चष्मा किंवा रिमोट राहतो, आणि ही गंमत घरात बरेच दिवस चालते.

मधल्या चौकोनावर नावे आणि तारीख घालण्याची पद्धत आहे, पण त्याहून चांगली कल्पना म्हणजे उखाणा. लग्नात घेतलेला उखाणा आठवत असेल तर तोच घ्यावा, नसेल तर नवा जुळवावा. तो काव्य म्हणून थोर असण्याची गरज नाही; ‘दोरा ओवला सुईत, गाठ मारली तळाशी, …चे नाव घेतो, गोधडी घेऊन उशाशी’ इतपत यमक जुळले की भागते. अक्षरे आपल्याच हाताने खडूने लिहावीत, शिंप्याचा खडू धुताना जातो. उंची किमान एक इंच ठेवावी, नाहीतर काना-मात्रा एकमेकांत गुंततात. अक्षरांना साखळी टाका घ्यावा. शिरोरेषा सलग आधी न घालता शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी घालावी, म्हणजे अक्षरे वरखाली झाली असतील तर ती रेषेने सावरून घेता येतात. हे भरतकाम थर एकत्र करण्यापूर्वीच उरकावे. मागच्या गाठी मधल्या थराखाली झाकल्या जातात.

थर लावणे आणि कच्चा दोरा

हे काम जमिनीवरच करावे. फरशी पुसून कोरडी करावी. खालचा थर उलटी बाजू वर ठेवून पसरावा, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात आणि चारही कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, जाड पुस्तके असे काहीतरी जड ठेवावे. त्यावर मधले दोन थर एकेक करून घालावेत. प्रत्येक थर घातल्यावर तळहाताने सपाट करावा, घाई करू नये. शेवटी वरचा थर सुलटा ठेवावा आणि चारही बाजूंना खालच्या थराचे दोन इंच सारखे दिसतात की नाही हे टेपने मोजावे.

मग कच्चा दोरा. उठून दिसेल अशा रंगाचा दोरा घेऊन मध्यभागापासून चारही दिशांना लांब लांब टाक्यांचा धावदोरा घालावा आणि अशा रांगा चार चार बोटांवर घेत सगळी गोधडी जखडून टाकावी. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. सराईत बायका कच्च्या दोऱ्याशिवायही शिवतात, कारण थर कुठे सरकतो आहे हे त्यांच्या हाताला कळते. आपल्या हाताला ते कळत नाही. थर एकदा सरकले की वरून सगळे ठीक दिसते आणि उलटून पाहिल्यावर खाली चुण्यांची रांग सापडते.

धावदोरा

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत शिलाईचे सामान विकणाऱ्या दुकानांत ‘गोधडीसाठी जाड सुती दोरा आणि लांब सुई’ असे सांगितले की योग्य वस्तू मिळते. सुती गोधडीला नायलॉनचा दोरा घेऊ नये. तो जुन्या मऊ कापडाला कापत जातो. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घ्यायला विसरू नये. चार थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाला त्याचे महत्त्व पहिल्या दहा मिनिटांत पटते. दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतला की गुंतत नाही.

आधी किनार. खालच्या थराचे बाहेर आलेले दोन इंच एक इंच आत दुमडावे, पुन्हा एक इंच वरच्या थरावर आणावे आणि टाचण्या लावाव्यात. कोपऱ्यावर जाडी फार होते, म्हणून दुमडण्यापूर्वी टोकाचा छोटा त्रिकोण छाटून टाकावा. पहिला फेरा या किनारीच्या आतल्या कडेवरून घालायचा. त्यानंतर एकेक इंच आत सरकत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जायचे; मधल्या चौकोनातल्या अक्षरांवरून मात्र टाका नेऊ नये, त्याच्या कडेने फेरे घ्यावेत आणि आत ओळींच्या मधल्या जागेत रांगा घालाव्यात. फेऱ्यांची ही पद्धत सोयीची अशासाठी, की काठ आधी पक्का होतो आणि काम मांडीवर घेऊन फिरवत फिरवत करता येते.

टाका घ्यायची रीत अशी. दोरा हातभरच घ्यावा. शेवटी बारीक गाठ मारून सुई वरच्या थरातून तिरकी घालावी आणि हलका हिसका दिला की गाठ आत जाऊन अडकते. सुई शक्य तितकी उभी खाली घालावी, डाव्या हाताच्या बोटाला तिचे टोक जाणवले की लगेच वर आणावी, आणि असे तीनचार टाके सुईवर भरून मग दोरा ओढावा. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असला की पुरे. दोरा ओढताना कापड चुणले जाईल इतका ताण देऊ नये, आणि प्रत्येक ओढीनंतर अंगठा शिवणीवरून मागून पुढे फिरवावा. काही टाके खालच्या थरापर्यंत पोचलेच नाहीत, असे पहिल्या दिवसांत होणारच. म्हणून दर फेऱ्याला गोधडी उलटून पाहावी. एखाददुसरा टाका चुकला तर सोडून द्यावा, सलग चारपाच चुकले तर तेवढेच उसवावे. रांगा किंचित वाकड्या गेल्या तर उसवत बसू नये. यंत्रासारखी सरळ शिवण हवी असती तर यंत्रच वापरले असते.

मध्याकडे जाता जाता वरच्या थरात थोडा ढिलावा साचला तर तो एका जागी दाबू नये. दोनतीन फेऱ्यांत वाटून घेत बारीक बारीक चुण्यांत जिरवावा. शेवटी कच्चा दोरा कापून ओढून काढावा.

गुपचूप शिवायला दोन खोल्यांच्या घरात जागा नसते, हा व्यवहारातला खरा अडथळा. बहिणीकडे किंवा ऑफिसच्या मधल्या सुट्टीत काही फेरे होतात, पण वीस तास लपवणे अवघडच. माझ्या मते किनार आणि उखाण्याचा चौकोन गुपचूप करून बाकीचे उघडपणे शिवावे. जोडीदार शेजारी बसून दोन रांगा घालणार असेल तर घालू द्याव्यात.

देण्यापूर्वी गोधडी एकदा थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, म्हणजे खडूच्या खुणा आणि हाताचा मळ जातो आणि टाक्यांमधले कापड जरा फुगून पोत उठून येतो. पिळू नये. ओली गोधडी बरीच जड होते, म्हणून एका दोरीऐवजी जवळजवळच्या दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवावी. पुढे कुठे विरली तर त्याच जागेवर नवे ठिगळ लावावे, खालचे उसवू नये.

उरलेल्या तुकड्यांची सुगंधी पुरचुंडी

साडीच्या उरलेल्या तुकड्यातून वीतभर लांबीची पिशवी शिवावी. उन्हाळ्यात बकुळीच्या झाडाखाली सकाळी पडलेली फुले वेचून सावलीत खडखडीत वाळवली तर त्यांचा वास बराच काळ टिकतो. मंडई परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत वाळा, नागरमोथा आणि गवला कचरा ही सुगंधी द्रव्ये मिळतात. वाळा कात्रीने बारीक करावा, बाकीचे भरड कुटावे आणि बकुळीत मिसळावे. पूड करू नये, ती कापडातून झिरपते. ओलसर काहीही आत गेले तर बुरशी धरते. पुरचुंडी गोधडीच्या घडीत ठेवावी आणि वास मंदावला की हाताने चुरगळावी.

चिठ्ठी आणि बांधणी

सोबतच्या चिठ्ठीसाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद शोभतो. ही संस्था १९४० सालची आहे आणि हातकागदाचा लगदा सुती चिंध्यांपासून करतात, त्यामुळे गोधडीशी त्याचे नाते आपोआपच जुळते. बोरू किंवा शाईपेन वापरणार असाल तर आधी कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहावी. काही कागदांवर शाई पसरते; तशा कागदावर पेन्सिल बरी.

वेष्टनाला प्लॅस्टिक नको. साडीचा उरलेला पदर चौकोनी अंथरून त्यात घडी ठेवावी आणि समोरासमोरची टोके गाठीने बांधावीत. टोपलीत ठेवून द्यायची असेल तर बुरूड आळीत टोपली निवडताना आतून सगळीकडे तळहात फिरवून पाहावा. बांबूची एखादी टोकदार कूस वर आलेली असली तर ती गोधडीचा दोरा ओढते. अशी कूस सापडल्यास विक्रेत्यालाच सुरीने तासून द्यायला सांगावे.